आम्हाला पहाटे दोनला रस्त्यावर पाठवू नका

छोट्या बँडचे दौरे आखणारे बुकिंग एजंट, क्लबचालक आणि कार्यक्रमांचे आयोजक यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

मी चार जणांच्या एका रॉक बँडमध्ये बेस वाजवतो आणि बँडची व्हॅनही बहुतेक वेळा मीच चालवतो. आमच्याबरोबर पाचवी असते ती साउंड इंजिनियर. कार्यक्रम संपला की टी-शर्ट आणि रेकॉर्डचं टेबलही तीच सांभाळते. पगारी ड्रायव्हर ठेवण्याएवढे पैसे आमच्यासारख्या बँडला सुटत नाहीत. हे तुम्हाला नव्याने सांगायला नको, आमचा हिशेब तुमच्याच टेबलावर होतो. पण तुमच्या दाराला कुलूप लागल्यानंतरची आमची रात्र तुम्ही पाहिलेली नसते. या पत्रात मला त्या रात्रीबद्दलच बोलायचं आहे.

गेल्या दौऱ्याच्या नवव्या दिवशी, पहाटे पावणेपाचला, गाडी चालवता चालवता मला झोप लागली. किती सेकंद, ते सांगता येणार नाही. टायरखालून एकदम खडखडाट झाला आणि मी जागा झालो. महामार्गाच्या कडेला ज्या खाचा मारलेल्या असतात त्यांच्यावर आमची डावी चाकं चढली होती. शेजारच्या सीटवर गिटारवादक होता. मला जागं ठेवणं हे त्याचं काम. त्याची मान छातीवर पडलेली होती. मागे तिघं झोपलेले, त्यांच्यामागे अर्धा टन सामान. मी वेग कमी केला, पुढच्या थांब्यावर गाडी उभी केली, खाली उतरलो आणि हात थरथरायचे थांबेपर्यंत गाडीभोवती फेऱ्या मारत राहिलो. मग सीट मागे पाडून तिथेच झोपलो. दुसऱ्या दिवशी आम्ही साउंडचेकला, म्हणजे कार्यक्रमाआधीच्या आवाजाच्या चाचणीला, अडीच तास उशिरा पोहोचलो आणि त्याबद्दल आयोजकांची बोलणी खाल्ली. त्यांना खरं कारण सांगायचं धाडस तेव्हा मला झालं नाही. आज सांगतो आहे.

त्या दिवसाचा हिशेब मी नंतर वहीत मांडला. सकाळी आठला उठलो. साडेपाच तास गाडी चालवली. तीनला सामान उतरवायला हजर राहायचं होतं, राहिलो. साउंडचेक पाचला ठरला होता, तो सातला झाला, कारण मुख्य बँडचं सामान उशिरा आलं. आम्ही साडेनऊला स्टेजवर जाणार होतो, गेलो अकरा वाजून वीस मिनिटांनी. पाऊण तास वाजवलं. सामान गोळा करून गाडीत भरेपर्यंत एक वाजला. पैशांच्या हिशेबासाठी मॅनेजर मोकळे होईपर्यंत पावणेदोन. सव्वादोनला निघालो. पुढचं ठिकाण ५२० किलोमीटरवर होतं आणि तिथे दुपारी बाराला सामान उतरवायचं होतं.

यात कुणीही दुष्टपणा केलेला नाही. प्रत्येकाने आपापलं काम केलं, थोडा थोडा उशीर केला, आणि तो सगळा उशीर साठत साठत माझ्या झोपेतून वजा झाला. ती सव्वादोनची निघण्याची वेळ मी पुन्हा काढतो आहे, कारण तेव्हा मला जागं होऊन सव्वाअठरा तास झाले होते. ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या दोन संशोधकांनी १९९७ साली 'नेचर' या नियतकालिकात एक छोटा अभ्यास छापला. सलग सतरा तास जागा असलेला माणूस हात आणि डोळे यांच्या समन्वयाच्या कामात, रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका मागे पडतो, असं त्यांना आढळलं. चोवीस तासांच्या जागरणानंतर तो आकडा ०.१० टक्क्यांच्या आसपास जातो. अनेक देशांत ०.०५ ही गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा आहे. तुमच्या दारातून एखादा बँडवाला दारू पिऊन चालकाच्या सीटवर बसत असता, तर तुमच्यापैकी प्रत्येकाने त्याच्या हातून किल्ली काढून घेतली असती. मी ते स्वतः पाहिलं आहे, आणि तसं करणाऱ्या त्या क्लबमधल्या माणसाबद्दल मला आजही आदर वाटतो. मी दारू प्यायलेलो नव्हतो. म्हणून मला हात हलवून निरोप मिळाला.

डुलकी म्हणजे डोळे मिटून घोरणं, असं आपण धरून चालतो. गाडीतली डुलकी तशी नसते. तीन-चार सेकंद मेंदू बंद पडतो, कधी कधी डोळे उघडे असतानाच. ताशी १०० किलोमीटर वेगाने चार सेकंदांत गाडी १११ मीटर जाते. तेवढा वेळ गाडी कुणीच चालवत नसतं. काच खाली करून, गाणी मोठ्याने लावून ही डुलकी टळत नाही, हे तपासून पाहिलेलं आहे, आणि आम्हीही अनुभवलेलं आहे. कॉफीला असर करायला अर्धा तास लागतो. उपयोग होतो तो गाडी थांबवून घेतलेल्या पंधरा-वीस मिनिटांच्या झोपेचा. आणि पहाटे दोन ते सहा या वेळात शरीराचं घड्याळच माणसाला खाली ओढत असतं, तो दिवसा कितीही झोपलेला असो.

आमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होते. तुमच्यापैकी जे स्वतः कधी काळी वाजवत होते त्यांना ती आठवेल. स्टेजवरून उतरल्यावर तासभर माणूस दमत नाही. अंगात वीज असते. त्या अवस्थेत आम्ही भरभर केबल गुंडाळतो, ६३ किलोचं बेसचं स्पीकर-कॅबिनेट जिन्यावरून खाली नेतो, हसतो, आणि "चालवतो ना मी, काही प्रॉब्लेम नाही" असं मनापासून म्हणतो. ते खोटं नसतं. त्या क्षणी खरंच झोप आलेली नसते. ती येते साधारण दोन तासांनी, जेव्हा शहराचे दिवे मागे पडलेले असतात, रस्ता सरळ असतो आणि बाकी सगळे झोपलेले असतात. कानात शिट्टी वाजत असते ती वेगळीच. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेच्या शिफारशीप्रमाणे १०० डेसिबल आवाजात माणसाने दिवसाला पंधरा मिनिटांपेक्षा जास्त राहू नये. ड्रमरच्या शेजारी पाऊण तास उभं राहिल्यावर, कानात बोळे असले तरी, डोकं शांत व्हायला वेळ लागतो. म्हणून "वाटलं तर वाटेत थांबा" हा सल्ला पुरत नाही. ज्याला वाटायला हवं त्याला ते वाटतच नाही.

आता थोडं जुनं सांगतो. आपल्या या धंद्याचाच तो इतिहास आहे, आणि तो एका बाजूने नेहमी सांगितला जातो.

१९५९ च्या जानेवारीत रॉक-अँड-रोल गायक बडी हॉली एका हिवाळी दौऱ्यावर निघाला. अमेरिकेच्या मध्य-उत्तर भागात चोवीस दिवसांत चोवीस शहरं. तारखा लावणाऱ्यांनी नकाशाकडे पाहिलेलं नव्हतं. बस आज पूर्वेला, उद्या पश्चिमेला, परवा पुन्हा काल गेलो त्याच बाजूला, अशी धावत होती. बसचा हीटर बंद पडायचा, बसच बंद पडायची, गाड्या बदलल्या तरी तेच. कार्ल बंच या ड्रमरचे पाय बसमध्ये बसल्या जागी हिमदंशाने इतके गेले की त्याला इस्पितळात ठेवावं लागलं. २ फेब्रुवारीला आयोवातल्या क्लिअर लेकला कार्यक्रम झाला. पुढचा मिनेसोटातल्या मूरहेडला, सुमारे ५९० किलोमीटरवर, दुसऱ्याच दिवशी. हॉलीने एक छोटं विमान भाड्याने घेतलं. लवकर पोहोचू, कपडे धुऊन घेऊ, एक रात्र पलंगावर झोपू, एवढीच त्याची इच्छा होती. दौऱ्यातलाच गायक जे. पी. रिचर्डसनला फ्लू झाला होता, म्हणून हॉलीचा बेसवादक वेलन जेनिंग्जने आपली जागा त्याला दिली. दौऱ्यातला आणखी एक गायक रिची व्हॅलेन्सने हॉलीचा गिटारवादक टॉमी ऑलसपबरोबर नाणं उडवलं आणि जागा जिंकली. व्हॅलेन्स सतरा वर्षांचा होता. विमान उडाल्यावर काही मिनिटांतच कोसळलं, आणि ते तिघं आणि एकवीस वर्षांचा वैमानिक रॉजर पीटरसन मेले.

ही गोष्ट नेहमी विमानाची म्हणून सांगतात. मला ती वेळापत्रकाची वाटते. वेळापत्रक बरं असतं तर कुणाला विमानाची गरजच पडली नसती. आणि एक तपशील मी कधी विसरू शकत नाही. ३ फेब्रुवारीच्या संध्याकाळी मूरहेडचा कार्यक्रम रद्द झाला नाही. शेजारच्याच फार्गोतल्या पंधरा वर्षांच्या बॉबी व्ही नावाच्या मुलाला त्याच्या मित्रांसह स्टेजवर उभं केलं, आणि उरलेला दौरा पुढे आणखी जवळजवळ दोन आठवडे चालू राहिला.

मेटालिका या हेवी मेटल बँडचा बेसवादक क्लिफ बर्टन १९८६ च्या सप्टेंबरमध्ये स्वीडनमध्ये गेला. आदल्या रात्री स्टॉकहोमला वाजवून त्यांची बस रातोरात कोपनहेगनकडे निघाली होती. बसमधल्या चांगल्या बंकसाठी, म्हणजे झोपायच्या फळीसाठी, बर्टन आणि गिटारवादक कर्क हॅमेट यांनी पत्ते ओढले. बर्टनला इस्पिकचा एक्का आला आणि त्याने हॅमेटचा बंक मागून घेतला. २७ तारखेला पहाटे बस घसरून उलटली. तो चोवीस वर्षांचा होता. नाणं उडवणारा व्हॅलेन्स आणि पत्ता ओढणारा बर्टन, दोघांमध्ये सत्तावीस वर्षांचं अंतर, पण दोघांनाही जिंकायची होती ती बऱ्यापैकी विसाव्याची जागा. याच्या नऊ महिने आधी, २२ डिसेंबर १९८५ ला, मिनिटमेन या पंक बँडचा गायक-गिटारवादक डी. बून अ‍ॅरिझोनात व्हॅनच्या अपघातात गेला. तो तेव्हा दौऱ्यावर नव्हता, पण अंगात ताप होता म्हणून मागच्या बाजूला, पट्टा न लावता, आडवा झाला होता. व्हॅनमध्ये मागे आडवं होणं ही दौरे करणाऱ्या प्रत्येक लहान बँडची सवय आहे. आमचीही होती.

आणि २० जुलै २००३. एक्सप्लोडिंग हार्ट्स नावाचा पोर्टलंडचा चार जणांचा बँड सॅन फ्रान्सिस्कोहून घरी परतत होता. हजारेक किलोमीटरचा रस्ता, रात्रभराचा प्रवास. ओरेगनमध्ये युजीनजवळ, पहाटे, व्हॅन उलटली. चौघांपैकी तिघं गेले. त्यांचा पहिला अल्बम त्याच वर्षी आला होता. मी तो बँड पुष्कळ नंतर ऐकला. पहिल्यांदा ऐकताना मी स्वतः एका दौऱ्यावर होतो, पेट्रोल पंपावर उभा, आणि त्या मुलांचा प्रवास आमच्या त्या आठवड्याच्या प्रवासाशी इतका जुळत होता की पुढचे दोन तास मी गाडी दुसऱ्याच्या हातात दिली.

मोठे बँड या धोक्यातून बऱ्याच अंशी बाहेर पडले आहेत. त्यांच्याकडे झोपायच्या बस असतात आणि दिवसा झोपून रात्री गाडी चालवणारे पगारी चालक असतात. त्या चालकांच्या पाठीशी कायदाही असतो. युरोपीय संघाच्या नियमानुसार बसच्या चालकाला साडेचार तासांनंतर पाऊण तासाची विश्रांती घ्यावीच लागते, दिवसाला साधारणपणे नऊ तासांपेक्षा जास्त गाडी चालवता येत नाही आणि रोज साधारणपणे सलग अकरा तासांची सुट्टी द्यावी लागते. हा नियम चालकासह नऊपेक्षा जास्त माणसं नेणाऱ्या वाहनांना लागू आहे, आणि साधारणपणे साडेतीन टनांपेक्षा जड मालवाहू वाहनांना. आमची पाच माणसांची व्हॅन या दोन्हींत बसत नाही. म्हणजे ज्या माणसाने दिवसभर सामान उचललं, रात्री स्टेजवर वाजवलं आणि मग स्टिअरिंग हातात घेतलं, त्याच्यासाठी कुठलाच नियम नाही. ती जागा सध्या तुमच्या वेळापत्रकाने भरलेली आहे.

तारखा कशा लागतात ते मला माहीत आहे, कारण एजंट मिळण्याआधी चार वर्षं मीच त्या लावत होतो. क्लबला विचारायचं, ते तारखेवर होल्ड देतात, म्हणजे ती तारीख तात्पुरती राखून ठेवतात. आपला होल्ड बहुतेक वेळा दुसरा किंवा तिसरा असतो. पहिला होल्डवाला सोडेल तेव्हा आपली तारीख पक्की होणार. तोपर्यंत शेजारच्या शहराची तारीख हातातून जाते. शुक्रवार-शनिवार जिथे मिळेल तिथे घ्यायचा, कारण त्या दोन रात्रींवर आठवड्याचं डिझेल निघतं. त्यात कुठल्या तरी करारात अट असते की इतक्या किलोमीटरच्या आत इतके दिवस दुसरीकडे वाजवायचं नाही. मग जवळजवळची दोन गावं लागोपाठ करता येत नाहीत आणि गाडी उलटसुलट धावते. मोठ्या बँडच्या खपाचं रक्षण करणारी ही अट दीडशे माणसांपुढे वाजवणाऱ्या बँडला कशासाठी लावतात, हे मला आजपर्यंत कुणी पटवून दिलेलं नाही. तुमच्याकडेही मंगळवारची रिकामी खोली असते, भाडं असतं, रात्री उशिरापर्यंत थांबलेली माणसं असतात ज्यांना घरी जायचं असतं. मी ते समजतो. छोटे क्लब चालवणारे लोक या धंद्यात सर्वांत कमी कमावून सर्वांत जास्त राबतात, असं माझं ठाम मत आहे, आणि म्हणूनच हे पत्र मी रागाने लिहीत नाही.

माझी विनंती अशी आहे की तारीख पक्की करताना रस्ता हा त्या कार्यक्रमाचाच भाग धरा. करारात आमचं मानधन असतं, दारावरच्या तिकिटांतला वाटा असतो, साउंडचेकची वेळ असते, स्टेजवर काय काय लागेल त्याची यादी असते. त्यात आणखी एक ओळ असू द्या: बँड आज रात्री कुठे झोपणार आहे आणि उद्या किती वाजता निघणार आहे. ही ओळ भरता येत नसेल तर ती तारीख तशी घेऊ नका, किंवा अलीकडची नाहीतर पलीकडची तारीख हलवा. एजंट मंडळींनो, दोन कार्यक्रमांमध्ये ३०० किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर दुसऱ्या दिवशीची सामान उतरवायची वेळ बाराची लिहू नका, चारची लिहा. आमच्यासारख्या बँडचा साउंडचेक वीस मिनिटांत होतो. बारा वाजता येऊन आम्ही चार तास बंद दारासमोर गाडीत बसलेलो असतो, हे तुमच्यातल्या कित्येकांनी येता-जाता पाहिलेलं आहे.

झोपायच्या जागेबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळ्यांत जास्त फरक तिथे पडतो. नेदरलँड्स आणि जर्मनीतल्या अनेक छोट्या क्लबांमध्ये बँडसाठी वरच्या मजल्यावर किंवा मागच्या बाजूला झोपायची खोली असते. बंक, चादरी, एक न्हाणीघर. हॉटेलसारखं काही नसतं. त्यांतले बरेच क्लब स्वयंसेवकांनी उभे केलेले आहेत, श्रीमंतीतून ते आलेलं नाही. आम्ही अशा एका ठिकाणी वाजवलं तेव्हा दार उघडणाऱ्या बाईंनी नमस्कार झाल्यावर पहिली गोष्ट केली ती ही, की माझ्या हातात वरच्या खोलीची किल्ली ठेवली. साउंडचेकच्याही आधी. त्या किल्लीने आमची अख्खी संध्याकाळ बदलली. रात्री अकरानंतर मी कॉफी घेतली नाही. वाजवताना डोक्यात रस्ता नव्हता. एरवी शेवटच्या दोन गाण्यांत माझं लक्ष घड्याळाकडे जातं, त्या दिवशी गेलं नाही, आणि आम्ही त्या दौऱ्यातलं सर्वांत चांगलं त्या रात्री वाजवलं. कार्यक्रमानंतर ऐकायला आलेल्या लोकांशी निवांत बोललो, त्यामुळे रेकॉर्डही जास्त विकल्या गेल्या. सामान स्टेजवरच ठेवलं, बाईंनी बाहेरून कुलूप लावलं, आणि सकाळी नऊला उजेडात, कुणाची बोटं न चेंगरता, शांतपणे गाडी भरली.

सामान आत ठेवू देणं ही लहान गोष्ट वाटेल, पण ती पलंगाइतकीच मोलाची आहे. भरलेली व्हॅन रात्रभर रस्त्यावर उभी ठेवण्याची भीती फार खरी आहे. १९९९ साली कॅलिफोर्नियात सॉनिक यूथ या अमेरिकन रॉक बँडचा वाद्यांनी भरलेला ट्रक असाच चोरीला गेला. वर्षानुवर्षं जमवलेल्या, खास त्यांच्या ट्यूनिंगसाठी बदललेल्या गिटार त्यात होत्या. काही पुढे अनेक वर्षांनी सापडल्या. आमच्यासारख्या बँडचं सामान गेलं तर बँडच संपतो. म्हणून मित्राच्या घरी जमिनीवर झोपायची सोय झाली तरी आमच्यातला एक जण व्हॅनमध्ये राहतो, सामानावर डोकं ठेवून, दर तासाला जागा होत. आणि दुसऱ्या दिवशी गाडी चालवायची पाळी अनेकदा त्याचीच असते. तुमच्या क्लबमध्ये रात्री तसंही कुलूप लागतं. त्या कुलपाच्या आत आमचं सामान राहू द्या. तुमच्याच ड्रम किटवर आणि कॅबिनेटवर वाजवू दिलंत तर आणखी चांगलं, मग आम्हाला निम्म्या वजनाची गाडी आणता येईल आणि तो ताशी ऐंशीने जाणारा, वळणावर मागे ओढणारा ट्रेलर घरी ठेवता येईल.

पैशांचा हिशेब कार्यक्रमाआधी करता येत नाही, कारण दारावरची तिकिटं मोजायची असतात, हे मान्य. पण ठरलेलं मानधन आधी देता येतं आणि तिकिटांतला वाटा दुसऱ्या दिवशी बँकेत टाकता येतो. रात्री पाऊण-एक तास ऑफिसच्या दाराबाहेर थांबण्यात आमची जी झोप जाते ती तुमच्या एका पाकिटाने वाचते. आणि आम्हाला कितीला वाजवायचं ते सांगितलंत की, कृपा करून, ते पाळा. पहिला बँड दहा मिनिटं जास्त वाजवतो, दुसरा पंधरा, आणि शेवटी ज्याला सर्वांत लांब जायचं आहे त्याचा कार्यक्रम मध्यरात्रीकडे सरकतो. कुणाला सर्वांत लांब जायचं आहे हे दुपारीच विचारून घेऊन त्याला आधी वाजवू देणारा एक आयोजक मला भेटला आहे. त्याने हे कुठल्या नियमासाठी केलं नव्हतं. तो स्वतः पूर्वी ड्रमर होता.

यावर कुणी म्हणेल, अडचण होती तर बँडने स्वतःच सांगायला हवं होतं. रात्री निघणं जमणार नाही, असं स्पष्ट म्हणावं. आम्ही गेल्या दौऱ्यानंतर ते म्हणायला लागलो आहोत. दोन चालक असल्याशिवाय निघायचं नाही, पहाटे दोन ते सहा चाक फिरवायचं नाही, मागे झोपणाऱ्यानेही पट्टा लावायचा, सीट आणि सामान यांच्या मधे जाळी, असे नियम आम्ही घालून घेतले. त्यापायी दोन कार्यक्रम गेले. एका ठिकाणी एजंटला उत्तर मिळालं की हा बँड फार अटी घालतो, दुसरा बघतो. तो दुसरा बँड त्या रात्री सव्वादोनला निघाला असेल. त्यांच्यातला चालक कोण, तो सकाळी किती वाजता उठला होता, मला माहीत नाही, पण त्याचा विचार माझ्या मनातून गेलेला नाही. बावीस-तेवीस वर्षांची मुलं पहिल्या दौऱ्यावर असताना आयोजकाला नाही म्हणत नाहीत. त्यांना वाटतं, असंच असतं, सगळे असंच करतात, जो हे सोसतो तोच खरा. मलाही वाटायचं. अशी मुलं तोंड उघडणार नाहीत, म्हणून त्यांना तुम्हीच विचारायचं आहे. वयाने आणि धंद्याने तुम्ही मोठे आहात, आणि तुम्ही विचारलंत तर ते खरं सांगतील.

आमचा पुढचा दौरा अकरा कार्यक्रमांचा आहे. त्यातल्या सात ठिकाणी झोपायची जागा ठरली आहे. त्या सातांपैकी दोन ठिकाणी क्लबने स्वतःहून विचारलं, हे मला इथे आवर्जून लिहायचं आहे. चार ठिकाणी अजून काहीच ठरलेलं नाही. त्या चार जणांना मी या आठवड्यात फोन करणार आहे. तुम्ही त्यांच्यापैकी असाल तर मला पलंग नको. कार्यक्रमानंतर तुमच्याच हॉलमध्ये पाच जणांना जमिनीवर झोपू द्या, बाहेरून कुलूप लावा, आणि सकाळी नऊला येऊन उघडा. अंथरुणं आम्ही घेऊन येतो.

आपला,
एका छोट्या रॉक बँडचा बेसवादक आणि चालक